लोखंडी की लाकडी

थोरल्याच्या लेकीला जुळं झालं, त्या सालची गोष्ट. उन्हाळ्यात लेकरं आजोळी येणार, त्यांना परसात सावली हवी, म्हणून मांडव घालायचं निघालं. घरात एक वेल्डर आणि एक सुतार असताना बाहेरचा माणूस कशाला, असं दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं.

धाकटा सुतार. तो प्लायच्या एका तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चित्रं काढून घेऊन आला.

"हा पर्गोला नंबर एक," तो म्हणाला.

"मांडव म्हण की सरळ," थोरला म्हणाला. "तोंड कशाला वाकडं करतोस?"

एका बाजूला लोखंडी मांडव होता. चौकोनी पाइपांचे खांब, वर कमानी, कोपऱ्यांत पिळाच्या सळ्या. दुसऱ्या बाजूला लाकडी. साधे जाड खांब, वर आडव्या पट्ट्या, सगळं बोल्टांनी आवळलेलं. लाकडीत धाकट्याने फारसा जीव ओतला नव्हता. नुसतं विचारायचं म्हणून काढलं होतं.

थोरल्याची बायको दारात उभी होती. धाकट्याने प्लाय तिच्या हातात दिला.

"वहिनी, तुम्ही सांगा. मी तर म्हणतो लोखंडीच. आयुष्यभर दादाने दुसऱ्यांचीच फाटकं आणि जिने केले. त्याच्या हातचं काहीतरी मोठं आपल्या घरी राहू दे."

थोरला पायरीवर पाठ ताठ करून बसला होता, आपलं नाव पुकारायची वाट बघत असल्यासारखा.

वहिनीने लोखंडी बाजू बराच वेळ समोर धरली. पण तिच्या डोळ्यांपुढे होती ती पुढच्या फाटकाची बिजागरी. परवा ती निखळली, म्हणून थोरल्याने काच तोंडासमोर धरून वेल्डिंग केलं होतं. "झालं, आता मरेपर्यंत बघायला नको," म्हणत हात झटकले होते. संध्याकाळी ती फाटक ओढायला गेली, तर ते हातात आलं. वेल्डिंग सुरेख होतं. उमेदीत करायचा तसंच, बारीक, एकसारखं. फक्त ते जोडावर नव्हतं. बोटभर बाजूला, नुसत्या चौकटीवर बसलं होतं, आणि जोड तसाच उघडा. तिने तारेने फाटक बांधून टाकलं आणि आत येऊन स्वयंपाकाला लागली. कुणाला काही सांगितलं नाही.

आता त्या कमानींखाली दोन लेकरं झोपवायची होती.

"लाकडी," ती म्हणाली.

धाकटा हसला. "अहो, वेल्डरची बायको तुम्ही."

"लोखंड तापतं. लेकरांचे हात भाजतील."

"वर वेल सोडू की. नाही तापत."

"गंजतं."

"दादाने केलेलं गंजतं? बोलताय काय तुम्ही."

कारणं संपली. धाकटा तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. खरं कारण जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि दुसरं काढलं.

"मला नकोच ते लोखंड. जन्मभर त्याचा वास घेतला. कपड्यांना तोच, उशीला तोच. म्हातारपणी तरी सुटका करा माझी."

वहिनीच्या तोंडून असलं बोलणं धाकट्याने कधी ऐकलं नव्हतं. "टेप आणतो," असं पुटपुटत तो आत गेला.

थोरला आपल्या तळव्यांवर अंगठा फिरवत राहिला. ठिणग्यांनी पडलेले जुने वण होते त्यांवर.

"फाटकाला तार तू बांधलीस?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कसली तार?"

त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणजे तोंड तिच्या बाजूला वळवलं; नजर तिच्या कानाजवळून पुढे निघून गेली.

"बरं," तो म्हणाला.

धाकटा टेप घेऊन आला, तेव्हा थोरला उठून उभा राहिला होता. "लाकडीच घाल रे. तुझी वहिनी म्हणते ते खरं आहे. लोखंडाची कटकट फार. मलाही कंटाळा आलाय."

"मग तू काय करणार?"

"खांब धरीन."

पुढच्या आठवड्यात खड्डे खणून झाले. धाकटा खाली बसून खांबाच्या बुडाशी दगड आणि सिमेंट ठासत होता. थोरल्याने खांबाला मिठी मारली होती.

"दादा, पाणसळ लाव जरा. बुडबुडा मधोमध आहे का बघ."

थोरल्याने पाणसळ खांबाला टेकवली, वाकून डोळे जवळ नेले. "आहे," तो म्हणाला.

नव्हता. वहिनीने हातातलं धुणं बादलीत टाकलं, खांबापाशी आली आणि खांद्याने खांब रेटला. थोरल्याने मिठी सोडली नाही. तिच्या जोराबरोबर तोही थोडा सरकला.

मांडव झाला. लेकरं आली, राहिली, गेली. थोरला त्यानंतरच्या वर्षी पावसाळा संपता संपता वारला. आतल्या खोलीत. फाटकाला तार तशीच होती.