तुटणारा सूर

सहा वर्षं कुठंही गिटार ऐकू आली की क्षिप्राचे पाय थबकायचे. बाबांनी त्याची गिटार फोडली त्या दिवशी तिचा हेरंबदादा घर सोडून गेला होता. प्रत्येक ओळीनंतर तळव्याने तारा दाबून तो क्षणभर सूर तोडायचा. असं दुसरं कुणी वाजवत नसे. आज दिल्लीत आर. के. पुरम मेट्रो स्टेशनबाहेर नेमका तसाच तुटणारा सूर आला. ती गर्दीतून धावली. वाजवत होती एक अनोळखी मुलगी. “किसने सिखाया?” “पानीपतवाले सर ने. पर पता नहीं दूँगी, सर ने मना किया है.” “फोन तो लगा दो!” मुलीने घाबरत लावला. क्षिप्राने तो हिसकावला. “दादा, बाबा गेले. तीन वर्षं झाली. आम्ही तुला कुठं कुठं शोधलं!” “क्षिपू,” तो कसाबसा म्हणाला, “आहेस तिथेच थांब. मी निघालो.”