पुसलेले आकडे

बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची, नाहीतर मेमरी पुसली जाते, हे मी वीस वर्षं मेंटेनन्समधल्या सगळ्यांना शिकवलं. सोमवारी मीच मेन स्विच बंद करून कारखान्यातल्या जुन्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनची बॅटरी काढली.

मशीन सुरू केलं तर मेमरीतले सेटिंगचे सगळे आकडे गायब, आणि ते देणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मी उगाच आतलं एक कार्ड काढून गंभीरपणे त्यावरचा नंबर वाचू लागलो.

"कार्ड ठीक आहे," ऑपरेटर हेमलताबाई हळूच म्हणाल्या. "आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत."

त्यांनी वाचले, मी भरले. संध्याकाळी मशीन चालू झालं.

"काय झालं होतं?" मालकांनी विचारलं.

"वय झालं की असं होतं, साहेब," हेमलताबाई म्हणाल्या.

त्या मशीनबद्दल बोलत होत्या, असं मी धरून चाललोय.