बिराप्पाचं इमान

"बोटीवर लिहिलंय इमान आणि कागदावर आहे विमान," साहेब म्हणाले. "म्हणजे या दोन वेगळ्या बोटी झाल्या."

तपासणीला आलेले साहेब तरुण होते, सांगलीचे होते आणि स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी इंजिन पाहिलं, दोर ताणून पाहिले, सहाही जॅकेटांचे बंद ओढून पाहिले. संयोगितानं त्यांना पलीकडच्या काठावरून बेटावर आणलं, तेव्हा त्यांच्या बुटाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. सगळं चोख होतं. फक्त नावापाशी घोडं पेंड खात होतं.

चूक संयोगिताची नव्हती. तिनं इमानच सांगितलं होतं. पण कऱ्हाडात ज्या दुकानातून फॉर्म भरून घेतला, तिथल्या माणसाला वाटलं, वाडीची पोर आहे, हिला विमान म्हणता येत नाही. त्यानं आपल्या मनानं शुद्ध करून टाकलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही.

नवा फॉर्म म्हणजे पुन्हा तपासणी, म्हणजे महिना गेला. जुनी लाकडी नाव फुटून पंधरा दिवस झाले होते, आणि तेव्हापासून बेटावरच्या बारा घरांची ये-जा संयोगिताचा आजा बिराप्पा एका काहिलीतून करत होता. गूळ शिजवायची लोखंडी काहील. बिराप्पा पंचाहत्तरीचा होता. अजून महिनाभर त्याला तिच्यात बसून वल्हवताना बघणं संयोगिताच्या जिवावर आलं होतं.

"रंग घरातच हाय साहेब," ती म्हणाली. "'इ' पुसून 'वि' करते. दोन मिनटांचं काम."

बिराप्पा शेजारच्या दगडावर चहा पीत बसला होता. साहेबांनी त्याला विचारलं, नाव बदललं तर चालेल ना. पोरगी म्हणते तसं करा, असं तो म्हणाला खरा, पण मान खालीच राहिली. मग कुणी न विचारताच सांगू लागला. धरणाचं पाणी चढलं आणि मेंढरं चारायचं टेकाड एका पावसाळ्यात बेट होऊन बसलं. त्यानं गुऱ्हाळावरची टाकून दिलेली काहील बैलगाडीत घालून आणली आणि माणसं न्यायला लागला. वरून एखादं विमान कऱ्हाडच्या धावपट्टीकडं जायचं आणि खाली ही काहील गरगरत यायची. लोक हसायचे, आलं बघा बिराप्पाचं इमान. पुढं तानाजीनं, म्हणजे संयोगिताच्या वडलांनी, सैन्यातून सुट्टीवर आल्यावर लाकडी नाव बांधून दिली. वल्हं बिराप्पाकडंच राहिलं आणि नावही तेच राहिलं. आता नातीनं इंजिनाची बोट आणली होती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली.

"इमाऽऽन!"

लेकीकडून परत आलेली बयाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. बिराप्पानं कप दगडावर ठेवला आणि वल्हं उचललं. चहा अर्धा टाकून उठायची त्याला सवयच होती. साहेब गडबडले. परवान्याशिवाय माणसं नेता येणार नाहीत, असं काहीतरी म्हणाले.

"परवाना नावंला लागतुया, सायेब," बिराप्पा म्हणाला. "ह्यात गूळ शिजतुय."

साहेबांना हसू आलं. ते दाबत त्यांनी विचारलं, "पण आजोबा, इमान म्हणजे विमानच ना?"

"ते आमाला ठावं न्हाई. हाक आली की जायाचं, एवढंच इमान."

काहील गरगरत निघाली. दोनदा मधेच थांबून बिराप्पानं दम खाल्ला. संयोगिता काठावर नव्या बोटीचा दोर मुठीत धरून उभी होती. पलीकडं बयाबाई चढली तशी काहील एका अंगाला कलली, मग सावरली. साहेब आधी काहिलीकडं बघत राहिले, मग संयोगिताच्या मुठीकडं.

त्यांनी पेन काढलं. कागदावरचा 'वि' खोडला, वर 'इ' लिहिला, शेजारी सही केली. मग परवान्यावर शिक्का मारला. आपण आज एक बरं काम केलं, असं त्यांना मनापासून वाटलं. संयोगिता पाण्याजवळ वाकली आणि तिनं तोंड धुऊन घेतलं, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कुठलं ते कुणाला कळू नये.

बिराप्पा बयाबाईला घेऊन परतला, तेव्हा परवाना संयोगिताच्या पिशवीत गेला होता. पहिला उतारू म्हणून साहेबच बोटीत बसले. संयोगितानं त्यांना पलीकडं सोडलं आणि बोट माघारी फिरवली.

बोट निम्म्यात पोचली आणि साहेबांच्या ध्यानात आलं, शिक्का बेटावर दगडावरच राहिला. फोनला रेंज नव्हती. त्यांनी मागं-पुढं पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले. आधी 'वि' आला, तो घशातच अडकला.

"इमाऽऽन!"

बेटावर बिराप्पा दगडावर येऊन टेकला होता. हाक कानावर पडली तसा तो उठला, हात वल्ह्याकडं गेला. पाण्यावर बोट वळत होती. हाक कुणाची आहे हेही न बघता संयोगितानं ती वळवली होती.

बिराप्पा खाली बसला. कप उचलला आणि गार झालेला चहा सावकाश संपवला.