व्हार्निशचा शेवटचा हात

"परत पांढरी पडली?" नावाड्याच्या बायकोनं दारातूनच विचारलं.

अंगणात उपड्या घातलेल्या होडीवरून नावाड्यानं बाही फिरवली. "ओल्या व्हार्निशवर धुकं उतरलं गं. आता हवेला काय मी विचारून येऊ?"

त्या आठवड्यात तळ्याकाठची हवा खरंच ताळ्यावर नव्हती. सोमवारी दिवसभर ऊन, संध्याकाळी सरी. दुसऱ्या दिवशी असा वारा सुटला की ओल्या व्हार्निशवर सगळा काठ येऊन चिकटला. मग हे धुकं. होडी छपराखाली मावत नव्हती. म्हातारा दर वेळी पॉलिश पेपरनं सगळं घासून काढायचा, पुन्हा हात मारायचा आणि पुन्हा आभाळ बिघडायचं. रविवारी हॉटेलवाला होडी न्यायला येणार होता. फाटकाशी ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती त्याला. चकचकीत असेल तरच घेतो, म्हणाला होता.

विकायचा हट्ट बायकोचा. म्हाताऱ्याच्या छातीत कळ येऊन गेली होती, डॉक्टरांनी वल्हं मारायला साफ मनाई केली होती. तरी तो पहाटे गुपचूप निसटायचा आणि परत दिसेपर्यंत हिच्या जिवात जीव नसायचा. होडीच गेली की सुटलो एकदाचे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि आता हे. पाऊस यायच्या आत साऱ्या कोळ्यांना हाका मारून काठाला आणणारा हा माणूस, याच आठवड्यात रोज नेमका चुकत होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शुक्रवारी ती बोललीच. "माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय होय? तुम्हाला हवा कळत नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

तो ब्रश पुसत राहिला. "विकू की. नको कुठं म्हणतोय? फक्त एवढं सांग, मग मी सकाळी उठून करू काय?"

आत जाऊन तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली, बाहेर आली, परत आत गेली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. म्हातारा मात्र व्हार्निशचा डबा समोर ठेवून नुसता बसून होता.

"आज तूच सांग," तो म्हणाला. "लावू?"

तिनं तळ्याकडं पाहिलं. पलीकडच्या काठावरची झाडं हात लावावा इतकी जवळ आली होती. अशी दिसली की दुपार टळायच्या आत पाऊस. लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा त्यानंच हे तिला शिकवलं होतं.

तिला भीती वाटली. फार वाटली. मग ती खाली बसली आणि डब्याचं झाकण उचकटून तिनं ब्रश त्याच्या हातात दिला.

"लावा की," ती म्हणाली. "आज कुठला यायला पाऊस!"