बेचाळीसपर्यंत फिट

अरे, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. शलाकाला मेडिकलला सीट मिळाली होती, राहिली होती ती फक्त फिटनेसची तपासणी. खुर्चीवर बसून तिनं, हृदय कितव्या वर्षापर्यंत चालेल ते सांगणाऱ्या यंत्रात बोट घातलं, आणि डॉक्टर गांगलांनी अख्ख्या रांगेसमोर, भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं, "बेचाळीस. त्यापुढे तुझं हृदय चालणार नाही. सर्जन होईतो तिशी उलटते, बाळ. सीट वाया जाते. बीए कर ना, तीन वर्षांत आटपतं!"

शेजारी उभी असलेली तिची आई टेबलावरची कागदपत्रं गोळा करायला लागली.

शलाकाचं डोकंच फिरलं. "सर, तुमचं किती आलं होतं?"

"आमच्या वेळी हे यंत्र नव्हतं."

"आता आहे ना! घाला बोट."

गांगलांनी हात चटकन कोटाच्या खिशात घातला. "मला नाही जाणून घ्यायचं."

"मग मला कुणी विचारलं होतं? तुम्ही बोट घालेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही."

शिपाई ओरडला, "नेक्स्ट!" मागच्या मुलीनं यंत्राकडे पाहिलं, गांगलांच्या खिशाकडे पाहिलं, आणि ती जागची हललीच नाही.

त्या मुलीनंतरचा नंबर तुझा असता, तर तू काय केलं असतंस रे?