जबड्यातलं परकं हाड

पाणी थुंकायचं नव्हतं. तोंड उघडून नुसतं खाली सांडू द्यायचं होतं. त्यानं तसंच केलं, आणि पाण्याबरोबर बेसिनमध्ये तीन कण पडले. वाळूसारखे. एक त्यानं बोटाच्या टोकावर घेतला आणि नखानं दाबून पाहिला. तो चुरला नाही. लाइनमननं तो पुन्हा दाबला.

ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. किडलेली दाढ काढल्यावर तिथलं हाड झिजत गेलं होतं. नवा दात बसवायचा तर आधी हाडाची भर घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भर घालून वरून टाके घातले होते. गाल एवढा सुजला होता, की आरशातला माणूस त्याला दुसराच कुणीतरी वाटत होता. सव्वीस वर्षं तो विजेच्या खांबांवर चढत आला होता. जिथून खाली बघताना इतरांना घेरी यायची, तिथे तो कमरेच्या पट्ट्यावर रेलून शीळ घालायचा. आणि आज तीन कणांपायी त्याला बेसिनपासून हलवेना.

घरात कुणी नव्हतं. बायको बालवाडीत शिकवायची, ती दीडला परतायची. त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"हाड बाहेर पडतंय," तो जबडा न हलवता म्हणाला.

फोन डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी घेतला होता. "टाके जागेवर आहेत ना, काका? रक्त नाही ना? मग घाबरू नका. सुरुवातीला दोन-चार कण पडतातच. सगळ्यांचे पडतात."

त्याचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता त्यानं सहज विचारलं, "हे असतं तरी कशाचं?"

"हाडाचंच. दान केलेलं."

"कुणी?"

"माणूस गेला की घरचे देतात, काका. नीट शुद्ध करून येतं ते, अपाय काही नाही. फॉर्मवर लिहिलेलं आहे सगळं. तुमचीच सही आहे खाली."

फोन ठेवल्यावर त्याची जीभ आपोआप टाक्यांकडे गेली आणि चटका बसल्यासारखी मागे फिरली. कोण असेल? म्हातारा असेल की तरुण? कशानं गेला असेल? कुणीतरी आतून गालाला हात टेकवून बसलंय, असं त्याला वाटू लागलं. टेबलावर गार दुधाचा ग्लास होता. त्यानं तो लांब सरकवला. घोटाबरोबर एखादा कण पोटात गेला तर? मग त्यानं थुंकी गिळणंही सोडलं. तोंडाशी रुमाल धरून तो खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिला. रुमाल ओला झाला, शर्टची कॉलर भिजली. कानशिलं ठणकत होती. शेवटी त्यानं पुन्हा फोन लावला.

"काढून टाका ते."

"काका, जखम परत उघडावी लागेल."

"उघडा."

"डॉक्टर दोनला येतात. या मग," बाई नाइलाजानं म्हणाल्या.

बायको आली तेव्हा तो बूट घालून दारापाशी खुर्चीवर बसला होता. चेहरा पांढराफटक पडलेला, रुमाल तोंडाशी धरलेला.

"कुठे निघालात या अवस्थेत?"

"माझ्या तोंडात मेलेल्या माणसाचं हाड घातलंय," तो म्हणाला. "काढून घ्यायला चाललोय."

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "मला माहीत आहे."

"माहीत आहे? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही न वाचता सही केलीत. मी वाचला होता फॉर्म." ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "मला न वाचताही कळलं असतं. देणाऱ्यांचा फॉर्म मी नऊ वर्षांपूर्वी भरलाय."

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला होता. एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवशी वादळानं तारा तुटल्या होत्या आणि लाइनमन दूर कुठल्यातरी खांबावर होता. निरोप मिळून तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

"डॉक्टरांनी विचारलं. ठरवायला वेळ नव्हता, तुमचा फोन लागत नव्हता," ती म्हणाली. "मी डोळे दिले. पायांची हाडंही दिली. तुम्ही आलात तेव्हा सगळं उरकून, नीट करून त्याला पांघरुणात ठेवलं होतं. तुम्ही कपाळावरून हात फिरवलात आणि म्हणालात, निदान अख्खा तरी मिळाला. मग कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

"कुणाला मिळालं ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "मी विचारलंही नाही कधी. असेल कुठेतरी, एवढंच मनाशी धरून राहिले. आज तुम्हाला असं बघितलं आणि..." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत ती त्याला एवढी घाबरलेली कधी दिसली नव्हती. "अहो, ज्याला आपल्या मुलाचं मिळालं, तो माणूसही असाच घाबरला असेल. त्यानं काढून तर टाकलं नसेल ना?"

त्यानं तोंडाशी धरलेला रुमाल बाजूला केला. तोंडात साचलेलं सगळं तो एका घोटात गिळला.

"नाही," तो म्हणाला. "ठेवलं असेल त्यानं."