न लावलेली फुलवात

शाळेत शिकवायला मी व्हिएतनामला आले, तेव्हा एकाच खोलीचं घर मिळालं. भिंतीवरच्या फळीवर देव मांडले. घरमालकीण लगेच म्हणाली, खोलीत काहीही पेटवायचं नाही.

तेव्हापासून निरांजनात फुलवात ठेवते आणि न लावताच नमस्कार करते.

गावी विंझरला असलेल्या सासूबाईंना हे सांगायचा धीर झाला नाही. मी परत येईपर्यंत त्यांनी नेम धरलाय, माझ्या देवांपुढे दिवा लागल्याशिवाय जेवायचं नाही. त्यांनी उपाशी राहू नये म्हणून रोज फोनवर "लावला, आत्याबाई" म्हणते आणि माझीच मला लाज वाटते.

काल त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी मोबाईल अगदी चेहऱ्याजवळ धरला.

"सरक की जरा, शेफाली. तुझं त्वांड रोजचंच हाय. देव बघू दे."

काय करणार, सरकले. आता खोटं उघडं पडणार, म्हणून स्क्रीनकडे बघवेना.

"लई झ्याक तेवतोय गं," त्या म्हणाल्या.

मी फळीकडे पाहिलं. फुलवात तशीच पांढरी होती.

"आन् डोईवर पदर घिऊन बसलीस, बरं केलंस. परदेशात जाऊन बी नेम सुटला न्हाई तुझा."

मी शाळेच्या ड्रेसमध्येच दाराशी उभी होते. तोंडातून कसंबसं निघालं, "कोण बसलंय, आत्याबाई?"

"कोण म्हंजी? तूच की." त्या हसल्या. मग त्यांचा आवाज एकदम जवळ आला.

"शेफाली, तुझं दोनी हात तर जोडल्यालं दिसत्यात. मग ह्यो फोन कुणी धरलाय?"